पोट सोमवारीच का दुखतं

शाळेत समुपदेशक म्हणून येणाऱ्या बाईला मुलं 'ताई' म्हणतात, शिक्षक 'मॅडम' म्हणतात आणि शिपाईमामा 'डोक्याच्या डॉक्टर' अशी ओळख करून देतात. मी डॉक्टर नाही. पुण्याच्या आसपासच्या मराठी शाळांत मुलांशी बोलते, आणि बालकल्याण समितीने नेमलं तर पोक्सो या मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखालच्या खटल्यात एखाद्या मुलाबरोबर सपोर्ट पर्सन म्हणून जाते. त्यात जे कळलं ते लिहिते आहे. मुलं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदलले आहेत.

१. लक्षणांची यादी पाठ करू नका, बदल बघा.

कार्यशाळेत शिक्षक हमखास यादी मागतात. अत्याचार झालेलं मूल ओळखायचं कसं? अंथरुणात लघवी, एकटं बसणं, अभ्यासात घसरण, चिडचिड. यादी खोटी नाही. पण हीच यादी चिंतेच्या आजाराची आहे, नैराश्याची आहे आणि धाकटं भावंड नुकतंच जन्मलेल्या घराचीही आहे. पाच वर्षांपर्यंत रात्री अंथरूण ओलं होणं हा वाढीचाच भाग. जे मूल कित्येक महिने कोरडं झोपत होतं आणि आता पुन्हा अंथरूण भिजवतंय, तिकडे लक्ष द्यायचं. तेव्हाही आधी लघवीची आणि रक्तातल्या साखरेची तपासणी, कारण संसर्ग आणि मधुमेहसुद्धा असेच डोकं वर काढतात.

'चंचल' मुलांचंही तेच. एडीएचडी म्हणायला लक्षणं बाराव्या वर्षाआधी दिसलेली लागतात, निदान सहा महिने टिकलेली लागतात आणि घर, शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसावी लागतात. पाचवीपर्यंत शांत बसणारा मुलगा सहावीच्या दिवाळीनंतर एकाएकी दाराकडे बघत राहू लागला, मागून कुणी गेलं की दचकू लागला, तर त्याला चंचल म्हणण्याची घाई करू नये. तो पहारा देत असतो. आणि मुलांचं नैराश्य रडण्यापेक्षा रागातून जास्त दिसतं. शिक्षकांच्या खोलीत 'हल्ली फार उर्मट झालाय' हे वाक्य कानावर आलं की मी त्या मुलाचं नाव विचारून घेते.

२. वहीत तारीख घाला.

पाचवीतल्या एका मुलाचं सारखं पोट दुखायचं. घरी ओवा झाला, दृष्ट काढून झाली, सोनोग्राफी झाली. वर्गशिक्षिकांना दाट संशय होता की रिक्षावाल्या काकांचं काहीतरी आहे, आणि तसं पालकांच्या कानावर घालायच्या बेतात त्या होत्या. मी त्यांना फक्त दुखण्याचे वार लिहून ठेवायला सांगितले. सोमवार, गुरुवार, पुन्हा सोमवार. रिक्षा तर रोजच होती. वेळापत्रक काढलं तेव्हा कळलं, त्या दोन दिवशी पहिल्या तासाला उभं राहून धडा वाचायचा असे. मुलाला जोडाक्षरं वाचता येत नव्हती. इतकी वर्षं तो शेजारच्याचं ऐकून पाठ करत आला होता. पुढे रीतसर चाचण्या झाल्या, अध्ययन अक्षमता निघाली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती आहे. प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. पोटदुखी थांबायला मात्र प्रमाणपत्राची वाट बघावी लागली नाही. त्याला उभं करणं बंद झालं, तेवढ्यानं भागलं.

दुसऱ्या एका वहीत, एका मुलीचं गप्प होणं आणि एका नातेवाइकाचं मुक्कामाला येणं यांच्या तारखा जुळल्या. म्हणून म्हणते, अंदाज आधी नको, वही आधी.

३. मुलगे लैंगिक अत्याचारातून सुटलेले नाहीत.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत महाराष्ट्र आणि गोव्यासह १३ राज्यांतली १२,४४७ मुलं होती. त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या लैंगिक त्रासाचा अनुभव सांगितला, आणि सांगणाऱ्यांत मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. पोक्सो कायदाही मुलगा-मुलगी भेद करत नाही. तरी 'सुरक्षित स्पर्श' शिकवायचा दिवस आला की शाळा मुलग्यांना मैदानावर सोडते.

४. मूल बोलू लागलं की आपण कमी बोलावं.

मुलं आधी शपथ घालतात, 'ताई, कुणाला नाही ना सांगणार?' ती शपथ घ्यायची नाही. मी म्हणते, 'ज्यांची मदत लागेल त्यांनाच सांगेन, आणि सांगण्याआधी तुला सांगेन.' एवढ्यावर काही मुलं उठून जातात. जाऊ द्यावं. बहुतेक परत येतात.

मग प्रश्न दोनच पुरतात, 'मग काय झालं?' आणि 'अजून काही सांगायचंय?' 'काकांनी इथे हात लावला का?' असं विचारलं की मूल मान डोलावतं आणि पुढे कोर्टात बचावपक्षाचा वकील नेमकं त्यावरच बोट ठेवतो. 'ओरडली का नाहीस', 'आधी का नाही बोललीस' हे तर अजिबात नाही. त्यातून मुलाला एवढंच कळतं की चूक त्याचीच होती. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहावेत. ते 'शूची जागा' म्हणालं तर तेच लिहावं, आपल्या बाजूने शुद्ध मराठी करू नये. आणि 'सांगितलंस ते बरं केलंस' हे मोठ्यानं म्हणावं.

ऐकणारा एकच असावा. शाळेत होतं काय, की वर्गशिक्षिका ऐकतात, मग मुख्याध्यापक बोलावतात, मग संस्थेचे एखादे पदाधिकारी येऊन 'बाळा, खरं सांग' म्हणतात. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मूल शब्द बदलतं, आणि लगेच सगळे एकमेकांकडे बघतात. काही मुलं आठवड्याभरात 'मी खोटं बोललो' असंही म्हणतात. तोवर घरात रडारड झालेली असते, आई जेवत नसते, आजी बोलत नसते. आपण बोललो म्हणून घर मोडलं, असं मुलाला वाटतं. बोललेलं मागे घेतलं म्हणून ते खोटं ठरत नाही.

५. चौकशी हे आपलं काम नाही.

१४ नोव्हेंबर २०१२ला पोक्सो लागू झाला. गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होण्याची शक्यता वाटली, तरी पोलिसांना कळवणं त्यात कुणालाही बंधनकारक आहे. पुरावा गोळा करा, खात्री करा, असं तो म्हणत नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. तरीही 'आधी अंतर्गत समिती नेमू' हे वाक्य मी ऐकत आले आहे, तेही 'शाळेचं नाव' या दोन शब्दांच्या जोडीनं.

पोलिसांची भीती पालकांनाही असते. त्यांना मी कायद्यातल्या गोष्टी एकेक करून सांगते: जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हवा तिथे घेतात, शक्यतो महिला उपनिरीक्षक, गणवेशाशिवाय, आईवडील किंवा विश्वासातलं माणूस शेजारी बसवून. रात्री मुलाला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. नाव-फोटो छापता येत नाही. प्रत्यक्षात हे सगळं नीट होतं का? नेहमी नाही. पण पालकांना नियम माहीत असले की ठाण्यातली भाषा लगेच मवाळ होते. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर वर्गाच्या भिंतीवर हवा, मुख्याध्यापकांच्या काचेखाली नको.

६. आंघोळ घालू नका.

हे ऐकायला निष्ठुर वाटतं. भयंकर काही कळलं की आई पहिल्यांदा मुलाला न्हाऊ घालते, कपडे भिजत टाकते. ताजी घटना असेल तर कपडे कागदी पिशवीत ठेवावेत आणि थेट दवाखाना गाठावा. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. एफआयआर नाही म्हणून तातडीचे उपचार अडवता येत नाहीत आणि ते फुकट द्यावे लागतात, खासगी रुग्णालयालाही. मुलगी असेल तर तपासणी महिला डॉक्टरनेच करायची.

७. 'अनोळखी काका'ची गोष्ट पुरे झाली.

पोक्सोच्या दाखल गुन्ह्यांत दहातल्या नऊहून जास्त आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात. चॉकलेट देणारा परका माणूस हा आपल्या सोयीचा खलनायक आहे, कारण त्याला शोधायला घराबाहेर बघावं लागतं. एक आई मला म्हणाली, 'ताई, त्याला आत टाकलं तर घरभाडं कोण भरणार?' तिला माया नाही, असं मला वाटलं नाही. तिचा हिशेब खरा होता. अशा वेळी बालकल्याण समिती, विधी सेवा प्राधिकरण आणि राज्याची मनोधैर्य योजना यांचे पत्ते हातात असावे लागतात. नुसता धीर देऊन घरभाडं भरलं जात नाही.

८. विचारल्याने विचार येत नाही.

आठवी-नववीतली मुलगी मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालते तेव्हा मनगटाकडे नजर जाऊ द्यावी. 'मरून जावं असं वाटतं का?' हे सरळ विचारावं. विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार शिरतो, हा आपला गैरसमज आहे. विचारल्यावर बहुतेक मुलांचा श्वास मोकळा होतो. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरातली औषधं आणि कीटकनाशकाचे डबे कुलपात टाकायचे आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा. रात्र झाली असेल तर टेली मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. देवऋषीकडे जाणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. मारहाण नाही, उपास नाही आणि गोळी चुकवायची नाही, एवढं कबूल करून घेते.

९. दाखला हातात ठेवू नका.

तक्रार झाल्यानंतर काही आठवड्यांनी शाळा फार गोड बोलू लागते. 'तिलाच अवघड जाईल हो, दुसऱ्या शाळेत टाका, आम्ही दाखला लगेच देतो.' पालकही थकलेले असतात, सही करतात. त्या मुलीच्या मैत्रिणी, बाक, स्नेहसंमेलनातलं ठरलेलं नृत्य, सगळं एका कागदानं जातं, आणि गावात अर्थ एकच लागतो: हिचंच काहीतरी होतं. मुलाला स्वतःला जायचं असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर मी पालकांना सांगते, दाखल्याचा अर्ज करू नका, आणि शाळेचं म्हणणं लेखी मागा. लेखी कुणी देत नाही. सोमवारी मुलगी डबा घेऊन वर्गात जाते.