संगणकासाठी भाषा कोणती निवडाल?

शाळेच्या वस्तुभांडाराचा हिशेब संगणकावर ठेवायचे तुमच्या वर्गाने ठरवले आहे, असे समजा. आज्ञावली कोणत्या भाषेत लिहायची? कोणी म्हणेल पायथन, कोणी म्हणेल सी. पण ‘सर्वांत चांगली भाषा कोणती?’ हा प्रश्नच अपुरा आहे. करवत चांगली की रंधा, हे काम कळल्याशिवाय सांगता येईल का?

१९५७ साली आयबीएम कंपनीत जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी फोर्ट्रान ही भाषा तयार केली. गणिती सूत्रे सहज लिहिता यावीत, हा तिचा हेतू. हवामानाच्या अंदाजासारख्या प्रचंड आकडेमोडीत ती आजही वापरतात. मात्र पगारपत्रके आणि जमाखर्च यांची गरज निराळी होती. त्यांच्यासाठी १९५९-६० मध्ये कोबोल ही भाषा आखली गेली.

गरज निराळी का, हे कागदावरच पाहू. संगणक सामान्यतः द्विमान पद्धतीने, म्हणजे ० आणि १ या दोनच अंकांत मोजतो. ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत लिहिण्यासाठी तिची दुप्पट करा. पूर्णांक आला तो लिहून ठेवा आणि उरलेल्या अपूर्णांकाची पुन्हा दुप्पट करा : ०.२, ०.४, ०.८, १.६, १.२, ०.४, ०.८... अंक मिळतात ०, ०, ०, १, १, ०, ०... आणि पुढे तेच पुन्हा पुन्हा! १/३ चे ०.३३३... जसे संपत नाही, तसेच हे. संगणकाला ही रांग कोठेतरी तोडावीच लागते. म्हणून सी किंवा पायथनमध्ये नेहमीच्या रीतीने ०.१ दहा वेळा मिळवत गेल्यास उत्तर १ न येता ०.९९९९९९९९९९९९९९९९ येते.

प्रयोगशाळेत एवढ्या फरकाने बिघडत नाही. आपली मोजमापेच इतकी अचूक नसतात. हिशेबात मात्र पै न् पै जुळली पाहिजे. कोबोलमध्ये दशांशचिन्हाच्या आधी व नंतर किती अंक हवेत हे सांगता येते आणि बेरीज दशमान पद्धतीनेच होते. पायथनमध्येही दशमान गणिताची वेगळी सोय आहे. शिवाय रक्कम रुपयांऐवजी पूर्ण पैशांत मांडली, तर कोणत्याही भाषेत ही अडचण टळते.

तेव्हा भाषा निवडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. आकडे कोणत्या प्रकारचे आहेत? वेग किती हवा? सी मधील आज्ञावली आधीच यंत्रभाषेत उतरवलेली असल्याने झपाट्याने चालते. पायथनमध्ये ती लवकर लिहून होते, पण सहसा सावकाश चालते. आणि तिसरा प्रश्न : पुढच्या वर्षी ही आज्ञावली कोण सांभाळणार? तुमच्यानंतरच्या वर्गाला ती वाचता आली नाही, तर वेगाचा काय उपयोग?

करून पाहा : १/२, १/४, १/५ आणि १/८ यांपैकी कोणते अपूर्णांक द्विमान पद्धतीत संपतात? त्यांच्या छेदांत तुम्हांला कोणते साम्य दिसते?