वकिलाची तक्रार वकिलांकडेच?

प्रश्न : ठाणे कोर्टात आमचा जागेचा दावा होता. वकीलसाहेबांनी फी घेतली, पण तारखांना आलेच नाहीत आणि दावा गैरहजेरीमुळे काढून टाकला गेला. सगळे म्हणतात, बार कौन्सिलकडे तक्रार करा. पण तिथेही वकीलच बसतात ना? ते आपल्याच माणसाला शिक्षा करतील?
— एक वाचक, बाळकुम

उत्तर : आधी तातडीचं सांगतो. दावा पुन्हा चालू करून घेण्याच्या अर्जाला ३० दिवसांची मुदत असते. ती टळली असेल तर विलंब माफ करण्याचा अर्जही जोडावा लागतो. दुसरा वकील गाठून हे आधी करा. शिस्तभंगाच्या कारवाईने दावा परत उभा राहत नाही.

आता तुमची शंका. ती रास्त आहे, पण किल्ला कोर्टाचं प्रकरण ऐका. तिथे काही वकील दाराशी उभे राहून पक्षकारांवर अक्षरशः झडप घालायचे, फी पाडून सांगायचे, प्रसंगी आपसांत हातघाईवर यायचे. महाराष्ट्र बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीने त्यांना तीन वर्षं वकिलीतून निलंबित केलं. दिल्लीच्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने अपिलात त्यांना सोडून दिलं. तेव्हा आपलं काम झालं असं म्हणून राज्याची कौन्सिल गप्प बसली नाही. आपल्याच सभासदांविरुद्ध ती सर्वोच्च न्यायालयात गेली. तुम्हाला अपील करण्याचा हक्कच काय, असा आक्षेप निघाला. १९७५ साली सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो फेटाळला : व्यवसायाची प्रतिष्ठा राखणं हे कौन्सिलचं कर्तव्य आहे, म्हणून तिला हक्क आहे. पुढे गुणदोषांवरही दिल्लीच्या समितीचं म्हणणं न्यायालयाने मान्य केलं नाही. म्हणून मला वाटतं, तक्रार करण्याआधीच आशा सोडू नका.

दुसरी वाटही फारशी उरलेली नाही. डॉक्टरांविरुद्ध वैद्यक परिषद आणि ग्राहक आयोग असे दोन्ही दरवाजे उघडे आहेत. वकिलांची सेवा मात्र ग्राहक कायद्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये ठरवलं.

१९६१च्या अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम ३५ प्रमाणे तीन जणांची समिती दोन्ही बाजू ऐकते. ती ताकीद देऊ शकते, काही काळ वकिली बंद करू शकते किंवा सनदच काढून घेऊ शकते. वर्षभरात निकाल लागला नाही तर प्रकरण दिल्लीला जातं. निकाल पटला नाही तर ६० दिवसांत अपील तिथेच. आणखी एक : तुम्ही तडजोड करून तक्रार मागे घेतली, तरी तेवढ्यावरून चौकशी बंद होत नाही.

मात्र दावा हरला किंवा एखादी तारीख चुकली, एवढ्याने गैरवर्तन ठरत नाही. फी घेऊन वारंवार पाठ फिरवली, हे दाखवावं लागेल. त्यासाठी कोर्टातून रोजनाम्याच्या प्रमाणित नकला काढा. कोणत्या तारखेला कोण हजर होतं, ते त्यात असतं. वकालतनामा, फीच्या पावत्या आणि मोबाइलवरचे निरोप जोडा. ठाण्याच्या वकील संघटनेला सनदीवर कारवाईचा अधिकार नाही. अर्ज मुंबईला, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करा.