शाल-श्रीफळानंतर

पुणे, १० डिसेंबर

चि. सोनूस,


फोटो मिळाला. शाल खांद्यावरून घसरतेय, नारळ कुठल्या हातात धरावा ते कळत नाहीये, आणि चेहरा असा की कधी एकदा हे आटोपतंय! पालकांनी आपणहून वर्गणी काढून दिव्यांग दिनाला तुझा सत्कार केला, याचा मला फार आनंद झाला. वर तू विचारतेस, "मावशी, मी एवढं काय केलं?" पुष्कळ केलंस. ज्या मुलाला तीन बालवाड्यांनी "याला सांभाळणं आमच्याच्यानं होणार नाही" म्हणून परत पाठवलं, तो तुझ्या वर्गात मांडी घालून गोष्ट ऐकतो. उगाच विनयाचा आव आणू नकोस. कौतुक मिळालं की सरळ "बरं वाटलं" म्हणावं आणि पालकांना पाणी विचारावं.

पण तू भाषणांचं रेकॉर्डिंगही पाठवलंस, म्हणून थोडं लिहिते. एक आई माइकवर म्हणाली, "मॅडमसमोर सगळं करतो, घरी आमचं कुणाचं ऐकत नाही." लोक हसले, टाळ्या पडल्या, तूही हसलीस. तेवढं पुन्हा ऐक. सबंध कार्यक्रमात कामाचं वाक्य तेच होतं. तिनं ते कौतुक म्हणून सांगितलं, पण मला त्यात तक्रार ऐकू आली.

अंध-बधिर हेलन केलर आणि तिच्या शिक्षिका ॲन सलिव्हन यांची पाण्याच्या पंपाची गोष्ट तुला डी.एड.ला शिकवलीच असेल. ५ एप्रिल १८८७. त्याआधीचं मात्र फारसं कुणी सांगत नाही. सलिव्हनबाई ३ मार्चला त्या घरी आल्या तेव्हा हेलन सगळ्यांच्या ताटातलं हातानं ओरबाडून खायची आणि घरचे खाऊ द्यायचे, कारण वडिलांना तिचं रडणं सोसत नव्हतं. म्हणून बाईंनी तिला आवारातल्याच छोट्या घरात वेगळं ठेवलं. तिथं पोर शांत झाली. मग परत घरच्या टेबलाशी आणली, तर पहिलं काय केलं? नॅपकिन लावायला नकार! मुलीला पाहायचं होतं की इथले नियम तिकडचेच आहेत की जुनेच. खरी परीक्षा तिथं होती. तुझा वर्ग हे ते छोटं घर आहे, सोनू.

आता त्या आईचं घर बघ. सोलापूरच्या विडी घरकुलात राहते, म्हणजे पहाटेपासून विड्या वळायचं सूप मांडीवर. हजार विड्यांवर मजुरी. शाळेची रिक्षा दारात येते तेव्हा पोराच्या शर्टाची बटणं ती स्वतःच भराभर लावणार, दुसरं काय करणार? "घरी रोज सराव घ्या" असं वहीत लिहून दिलंस तर ती मान डोलावेल आणि मनात स्वतःला दोष देत बसेल. त्यापेक्षा शेवटची पायरी तेवढी मुलाला दे. बटण काजात अर्धं घालून आईनं हात सोडायचा आणि बाहेर आलेली कड त्यानं ओढायची. दोन सेकंदांचं काम. रिक्षा चुकत नाही आणि शर्ट "मी घातला" असं पोराला वाटतं. ते जमलं की एक पायरी मागं यायचं. तुमच्या कार्य विश्लेषणाच्या तक्त्यात हे सगळं असतंच, पण तक्ता कपाटात असतो आणि आई दारात.

आणि हे तिला करून दाखवू नकोस. तिलाच करू दे. तू हात पाठीमागं बांधून उभी राहा. फार अवघड जातं, आपले हात शिवशिवतात.

भाषेचंही तसंच. पूर्व भागातल्या तुझ्या निम्म्या मुलांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड. आधीच ज्याला बोलणं जड जातं, त्याच्यापुढं शाळेची म्हणून आणखी एक भाषा कशाला टाकायची? माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइज जाहीर झालं, तेही नेमकं ३ डिसेंबरला, दिव्यांग दिनीच. लोकांच्या लक्षात दहा लाख डॉलर आणि क्यूआर कोड राहिले. मला मात्र त्यांनी मुलांसाठी पुस्तकं त्यांच्या मातृभाषेत नेली, ते मोठं वाटतं. तू आयांकडून रोजचे शब्द शिकून घे. उच्चार चुकले की त्या हसतील, सुधारून देतील. तुला सतत "मॅडम मॅडम" म्हणणाऱ्या बाईनं एकदा तुला शिकवलं, की पुढचं बोलणं सोपं होतं.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. एका काकांनी तुला देवाचा अवतार केलं. त्यांचं मन मोडू नकोस, पण ती पदवी अंगाला लावून घेऊ नकोस. देवाला पगार लागत नाही, आणि "मला माहीत नाही, आपण ऑडिओलॉजिस्टला विचारू" असंही देवाला म्हणता येत नाही. कंत्राटी शिक्षिकेला पुण्यकर्माचं कौतुक ऐकवून मानधन लांबवतात, हे तू पाहतेच आहेस. प्राथमिक शाळेत दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असं प्रमाण सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली घालून दिलंय. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं या मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी सरकारवर टाकलीय. पालकांना हे समजावून सांग. पुढच्या वर्षी शालीऐवजी त्यांनी शिक्षणाधिकाऱ्यांकडे सह्यांचा अर्ज न्यावा. आपल्या क्षेत्रात पालक नुसते आभार मानत बसलेले नाहीत गं. मुंबईची जय वकील शाळा १९४४ मध्ये सुरू झाली ती आईवडिलांनीच, आपल्या मुलीसाठी.

अर्जात "मॅडम फार प्रेमळ आहेत" असं लिहू देऊ नकोस. रेकॉर्डिंगमधल्या एका आजीचं वाक्य बघ: "पाहुणे आले तर आता दाराआड लपत नाही, त्यांच्या चपला सरळ करून ठेवतो." हे मूल्यमापन आहे! तारीख घालून त्या मुलाच्या वैयक्तिक आराखड्यात उतरवून ठेव. तुझ्या कुठल्याही चाचणीत हे सापडलं नसतं.

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसले ते. फोटोत शेवटच्या रांगेत, खांबाशेजारी एक बाई उभी आहे. टाळ्या वाजवतेय. तूच मागं लिहिलं होतंस, तिच्या मुलाला ड्यूशेन हा स्नायूंचा आजार आहे. त्यात मुलाचं चालणं वर्षावर्षानं कमी होत जातं, बारा-तेराच्या आसपास बहुतेकांचे पाय थांबतात. तू कितीही चांगली असलीस तरी त्या बाईला माइकवर सांगण्यासारखं काही मिळणार नाही. दर वर्षी सांगायला काहीतरी कमीच होत जाणार. इतरांच्या मुलांनी काय काय मिळवलं ते ऐकत ती उभी राहिली, तरी ती आली होती.

तिच्याकडे सोमवारीच जा. "कसा आहे?" असं विचारू नकोस, त्याचं उत्तर तिला रोज द्यावं लागतं. त्याला सध्या कशात मजा येते ते विचार. व्हीलचेअरचा विषय तो पडायला लागायच्या आधी काढ, शाळेच्या पायरीला उतार करून घे, दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड झालंय का बघ. वर्गात त्याला वाचनाचा किंवा चित्रांचा असा काही मान दे, की जो पाय थांबले तरी जाणार नाही. आणि पुढच्या कार्यक्रमात पालकांना बोलवायचं झालं, तर "मुलानं काय मिळवलं" हा विषयच ठेवू नकोस. "आमच्या घरात काय चालतं" असा ठेव. मग तिलाही बोलता येईल.

संक्रांतीला पालक मुलांसह तुला गड्ड्याच्या जत्रेला नेणार म्हणतात, तर जरूर जा. पण सकाळी जा. संध्याकाळी पाळण्यांचे भोंगे आणि गर्दी, तुझी स्वमग्न मुलं कानांवर हात ठेवून खाली बसतील आणि सगळ्यांची जत्रा बिघडेल. कोणतं मूल कुणाच्या हाताला, हे आयांना ठरवू दे. व्हीलचेअर मैदानात रुतते, म्हणून कडेच्या डांबरी रस्त्यानं जा.

येताना माझ्यासाठी शेंगाची चटणी आण. इथं मिळते, पण तिखटाला घाबरून केलेली असते.

तुझी,
मावशी