तीन कादंबऱ्या, तीन कसोट्या

आमच्या हॉस्टेलमध्ये कुणी कादंबरी वाचून परत केली की तिच्याबद्दल दोनच शब्द ऐकू येतात, 'मस्त' किंवा 'बोअर'. त्या एका शब्दावर विसंबून पुढची मुलगी पुस्तक उचलते किंवा सोडते. सबमिशन आणि पीएल यांच्या मधल्या आठ-दहा रात्री, एवढाच आपला वाचनाचा वेळ. तो नको त्या पुस्तकात गेला तर चिडचिड होतेच. पण दुसऱ्या कुणाच्या 'बोअर'मुळे एखादं चांगलं पुस्तक निसटलं, तर ते आपल्याला कधी कळतही नाही.

म्हणून मित्र-मैत्रिणींनो, वाचलेल्या कादंबरीबद्दल दुसऱ्याला काय सांगावं, हे मी अलीकडच्या तीन पुस्तकांवरून मांडते. तिन्ही इंग्रजी आहेत, कारण मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले आणि वाचनाची सवय तिथेच लागली. पण आपल्या विंगमधल्या गप्पा मराठीत होतात, तेव्हा परीक्षणही मराठीतच हवं.

मुद्दा साधा आहे. लॅबमध्ये आपण काँक्रीटचा क्यूब दाबून तपासतो आणि स्टीलची सळई ताणून. दोघांना एकच टेस्ट लावून चालत नाही. कादंबऱ्यांचंही तसंच आहे. प्रत्येक प्रकार वाचकाला वेगळा शब्द देतो. तो पाळला का, हे बघणं म्हणजे परीक्षण.

१) फँटसी : नियम पाळले का?

सुझाना क्लार्कची 'पिरानेसी' (२०२०). हिला २०२१ चं विमेन्स प्राइझ मिळालं. एक प्रचंड घर आहे, त्याला अंत नाही. दालनामागून दालन, सगळीकडे पुतळे, खालच्या मजल्यावर समुद्र आणि वरच्या मजल्यावर ढग. त्यात राहणारा नायक भरती-ओहोटीचं गणित मांडतो आणि रोजनिशी लिहितो. एवढंच नाही, तर तिची अनुक्रमणिकाही करतो! (आपली जर्नल्स कधी लिहिली जातात ते सांगायला नको.) वर्षाला तो आकडा देत नाही, अमुक दालनात अल्बट्रॉस पक्षी आला ते वर्ष, अशी त्याची कालगणना.

फँटसीत काहीही घडू शकतं हा गैरसमज आहे. काहीही घडू शकत असेल तर कशाचीच भीती उरत नाही. इथे भरतीचे नियम पक्के आहेत, म्हणूनच पाणी चढायला लागलं की आपल्या पोटात गोळा येतो. सुरुवातीची चाळीसेक पानं संथ आहेत, तेवढा धीर धरा. जादूची कांडी आणि लढाया हव्या असतील तर मात्र हे पुस्तक तुमच्यासाठी नाही.

२) ऐतिहासिक : शिवण दिसते का?

मॅगी ओफॅरेलची 'हॅमनेट' (२०२०). शेक्सपिअरचा मुलगा हॅमनेट १५९६ मध्ये अकराव्या वर्षी वारला. काही वर्षांनी बापाने 'हॅम्लेट' लिहिलं. त्या काळी ही दोन्ही एकाच नावाची रूपं होती. मुलगा कशाने गेला याची नोंद नाही. त्या रिकाम्या जागेत लेखिका प्लेग आणून ठेवते. एका प्रकरणात रोगाच्या पिसवा अलेक्झांड्रियाहून जहाजाने निघून, व्हेनिसच्या काचेच्या मण्यांसोबत इंग्लंडमधल्या एका छोट्या गावात पोचतात. पुस्तकातलं हे सगळ्यात भारी प्रकरण! शेक्सपिअर हे नाव कादंबरीत एकदाही येत नाही. त्यामुळे मध्यभागी उभी राहते ती मुलाची आई.

इथे शेवट आधीच ठाऊक असतो. पानिपतावर काय झालं हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे, तरी विश्वास पाटलांची 'पानिपत' (१९८८) खाली ठेववत नाही. म्हणून विचारायचं ते असं : नोंद कुठे संपते, कल्पना कुठे सुरू होते, आणि ती कल्पना माहीत असलेल्या गोष्टींच्या विरुद्ध तर जात नाही ना? 'हॅमनेट' इथे खरी उतरते. वर्णनं काही ठिकाणी जास्त झाली आहेत, हेही सांगायला हवं.

३) रहस्य : पुरावा लपवला का?

सुजाता मॅसीची 'अ मर्डर ऑन मलबार हिल' (२०१८). मुंबई, १९२१. पेरवीन मिस्त्री ही पारशी तरुणी वडिलांच्या फर्ममध्ये वकिली करते. एका गिरणीमालकाच्या तीन विधवा वारसाहक्क सोडायला तयार झाल्याचा कागद तिच्यापुढे येतो. त्यातल्या एकीची सही म्हणजे नुसती फुली. मग तिला कागद वाचता तरी आला का? विधवा पडद्यात राहतात, पुरुष वकिलाला भेटू शकत नाहीत. म्हणजे ज्या बाईला कोर्टात उभं राहू देत नाहीत, तीच एकटी ही चौकशी करू शकते! मला कथानकातली ही कल्पना फार आवडली. पेरवीनमागे खरी प्रेरणा आहे, नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींची. ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

रहस्यकथेने वाचकाला जरूर चकवावं, पण डिटेक्टिव्हला दिसलेला पुरावा आपल्यालाही दिसला पाहिजे. शेवट कळल्यावर मागची पानं चाळून बघा. इथे खुणा सापडतात. १९१६ चा कलकत्त्याचा भाग तपासाच्या मध्ये येतो आणि वेग मोडतो. पण पेरवीन या बायकांसाठी एवढी का झगडते, हे त्यावाचून कळलं नसतं.

थोडक्यात, चार ओळींचं परीक्षण पुरे. पहिली ओळ : पुस्तक कशाबद्दल आहे (पहिल्या पन्नास पानांपलीकडचं काही सांगायचं नाही). दुसरी : त्याने दिलेला शब्द पाळला का. तिसरी : कुठे कमी पडलं. चौथी : कुणी वाचावं, कुणी वाचू नये. खुनी कोण, हे पेन्सिलीनेसुद्धा लिहायचं नाही!

आणि हो, या कसोट्या इंग्रजी पुस्तकांपुरत्या नाहीत. सुट्टीत घरी जाल तेव्हा रणजित देसाईंची 'स्वामी' (१९६२) काढा. माधवराव पेशव्यांबद्दल इतिहास काय सांगतो आणि लेखकाने काय भरलं, ती शिवण शोधा. सापडली तर आम्हालाही सांगा, चार ओळींत.