खांडववन आणि ‘युगान्त’

दत्तभक्तहो, इरावतीबाई कर्वे यांचं ‘युगान्त’ (१९६७) मी नोकरीत असताना अर्ध्यावर टाकलं होतं. देवाच्या चुका काढतात, असा राग आला. आपलं एरंडोल म्हणजे एकचक्रानगरी, पद्मालयाजवळ भीमकुंड. पांडव आपल्याला घरचेच वाटतात ना!

निवृत्तीनंतर पुन्हा वाचायला घेतलं. खांडववन जाळताना कृष्णार्जुनांनी पळणाऱ्या पशुपक्ष्यांनाही बाहेर पडू दिलं नाही, यावर बाई बोट ठेवतात. पटेना, म्हणून आदिपर्व काढलं. हिशोब ताडून बघायची जुनी सवय. वाचलेले जीव निघाले सहा: तक्षकाचा मुलगा अश्वसेन, मयासुर आणि चार शार्ङ्गक पक्षी. म्हणजे बाईंनी पदरचं काही घातलेलं नाही, व्यासांनीच लिहून ठेवलंय. विदुर हाच धर्मराजाचा पिता असावा, हा त्यांचा तर्क मात्र मला अजून पटत नाही.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूतांनी अजगराला, पिंगळा वेश्येलाही गुरू केलं. मग या अभ्यासू बाईंचं ऐकायला काय हरकत?

सौ. म्हणाली, “हे मंदिरात बोलाल का?”

श्रावणात एका गुरुवारी बोललो. दोघे उठून गेले. बाकीचे आरतीपर्यंत बसले.