फटफटीचा दिवा

कोकणात रात्रीची वाट चालणे काही नवे नाही. आपले आजे-पणजे चूड पेटवून वाट चालत. बैलगाडीच्या खाली कंदील टांगलेला असे. चुडीचा उजेड थोडा, पण माणसाची चालही धिमी. म्हणून तेवढ्या उजेडात भागत असे. चार हातांवर दगड दिसला, की माणूस थांबे आणि बैलही थांबे.

आता पुष्कळांच्या दारात मोटारसायकल आली. जुनी माणसे तिला फटफटी म्हणतात. कोणी पहाटे मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीला जातो. कोणी आंब्याच्या दिवसांत बागेतून उशिरा परततो. कोणी रात्रपाळी करून घरी येतो. पायी चालणारा माणूस तासाला पाच किलोमीटर जातो. फटफटी सहज पन्नास जाते. चाल दसपट झाली. मग दिवाही तसाच हवा, नाही का?

"दिवा नीट पडत नाही, मोठा बल्ब घालून टाक," असे पुष्कळ जण सांगतात. पण मंडळी, जरा थांबा. उजेड वाढवणे म्हणजे नुसता मोठा बल्ब घालणे नव्हे. उजेड रस्त्यावर पडला पाहिजे. तो समोरच्याच्या डोळ्यांत जाता कामा नये. हे कसे साधायचे, ते या पाठात पाहू.

किती लांबचे दिसले पाहिजे?

आधी थोडा हिशेब करू. गाडी तासाला ६० किलोमीटर चालली आहे. म्हणजे ३,६०० सेकंदांत ६०,००० मीटर. भागाकार करा. एका सेकंदात गाडी सुमारे १७ मीटर जाते.

समोर म्हैस बसलेली दिसली. ती दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद तरी जातो. तेवढ्यात १७ मीटर गेले. मग ब्रेक लागला. कोरडा रस्ता आणि चांगले ब्रेक असले, तरी गाडी थांबायला आणखी सुमारे २८ मीटर लागतात. एकूण झाले ४५ मीटर.

आता वेग ४० धरा. पहिल्या सेकंदात ११ मीटर, पुढे ब्रेकचे १२ मीटर. एकूण २३ मीटर. पाहा, वेग दीडपट झाला, तर थांबण्याचे अंतर जवळजवळ दुप्पट झाले. रस्ता ओला असेल, तर ते आणखी वाढते.

साध्या मोटारसायकलचा डिपर साधारण ३० ते ४० मीटरपर्यंत कामाचा उजेड देतो. म्हणजे डिपरवर ६० च्या वेगाने जाणारा माणूस आंधळेपणाने जातो. म्हैस दिसेल, पण गाडी थांबणार नाही. यातच पुष्कळ जणांचा जीव जातो. म्हणून पहिला नियम हा: जेवढे दिसते, तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे.

उजेड कमी का होतो?

नवी गाडी घेतली तेव्हा उजेड बरा होता. चार वर्षांत तो मंद का झाला? त्याची कारणे साधी असतात.

पहिले कारण, काच. काचेवर लाल धूळ, चिखल आणि किडे बसतात. रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने काच पुसा. याला पैसा लागत नाही.

दुसरे कारण, आतला आरसा. त्याला रिफ्लेक्टर म्हणतात. बल्बचा उजेड तो पुढे फेकतो. आत पाणी शिरले, की तो काळपटतो. असा आरसा घासून उजळत नाही. घासल्यास त्याचा मुलामाच निघून जातो. तो बदलावा लागतो.

तिसरे कारण, वायरी. हे कारण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून नीट समजून घ्या. आपल्या पोफळीच्या बागेत पाटाने पाणी जाते. पाट जागोजाग गळत असेल, तर शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही. विजेचेही तसेच आहे. आपल्याकडे समुद्राची खारी हवा. तिने वायरीच्या जोडांवर हिरवट गंज चढतो. बटण झिजते. अर्थची वायर सैल होते. मग बल्बपाशी विजेचा दाब कमी पोचतो. या दाबाचे माप म्हणजे व्होल्ट. हा दाब दहा टक्क्यांनी घटला, तर बल्बचा उजेड दहा टक्क्यांनी घटत नाही. तो सुमारे तीस टक्क्यांनी घटतो! तुम्ही बल्बला दोष देता, आणि चोर बसलेला असतो वायरीत.

चौथे कारण, वीज येते कोठून हे. पुष्कळ जुन्या गाड्यांत हेडलाइटला बॅटरीची वीज मिळत नाही. इंजिन फिरते, तेव्हा आतली कॉइल वीज तयार करते, तीच थेट दिव्याला जाते. म्हणून वळणावर गाडी हळू केली, की दिवा मिणमिणतो. रेस दिली, की पुन्हा उजळतो. नेमक्या अडचणीच्या जागी उजेड कमी! अशा गाडीला मोठा बल्ब घालून काही उपयोग होत नाही.

मोठा बल्ब घालावा का?

आपल्याकडच्या पुष्कळ मोटारसायकलींना ३५/३५ वॅटचा बल्ब असतो. मोटारीच्या बल्बवर ६०/५५ वॅट असे लिहिलेले असते. हे दोन्ही बल्ब दिसायला जवळजवळ सारखे असतात. बाजारात १००/९० वॅटचेही मिळतात. पण तुमच्या गाडीची वायर, बटण आणि होल्डर हे सारे ३५ वॅटच्या बेताने केलेले असते. मोठ्या बल्बने वायर तापते. होल्डर वितळतो. आरसा आणि काच प्लास्टिकची असली, तर ती पिवळी पडते. गाडीत वीज तयार होते ती मोजकीच. दिव्याने जास्त खाल्ली, तर बॅटरी उपाशी राहते. मग सकाळी स्टार्टर मारा, गाडी हलत नाही.

आणखी एक गोष्ट. उजेड पुढे जाताना पसरतो आणि पातळ होतो. दुप्पट लांबचे तितकेच स्पष्ट दिसावे, तर चौपट उजेड लागतो. बल्बचे वॅट दुप्पट केले, म्हणून दुप्पट लांबचे दिसत नाही. खर्च आणि धोका मात्र वाढतो.

मग काय करावे? या क्रमाने करावे.

आधी काच स्वच्छ करा. मग मेस्त्रीकडून सारे जोड उघडून साफ करून घ्या. अर्थची वायर घट्ट करा. बल्ब जुना होऊन काळवंडला असेल, तर तेवढ्याच वॅटचा चांगल्या कंपनीचा नवा बल्ब घाला. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाचे तेल काचेला लागते, तेवढी जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. फडक्यात धरून बसवा.

एवढे करूनही उजेड कमी वाटला, आणि दिव्याला वीज बॅटरीतून येत असेल, तर मेस्त्रीला रिले बसवायला सांगा. रिले म्हणजे पाटावरचे दार. तुमचे बटण फक्त ते दार उघडते. दिव्याची वीज बॅटरीकडून जाड वायरीने सरळ बल्बला जाते. वाटेत गळत नाही. या वायरीला फ्यूज हवाच. फ्यूज नसेल तर वायर जळण्याचा धोका असतो.

एल.ई.डी. दिव्याचे काय?

"गुरुजी, आता एल.ई.डी. आले आहेत ना?" असे कोणी विचारील. बरोबर आहे. एल.ई.डी. थोड्या विजेत जास्त उजेड देतो. कंपनीने एल.ई.डी. दिव्यासाठीच बनवलेली गाडी उत्तम चालते.

पण जुन्या हेडलाइटमध्ये नुसता एल.ई.डी. बल्ब खुपसणे निराळे. जुना आरसा बल्बमधल्या बारीक तारेसाठी घडवलेला असतो. ती तार एका ठरलेल्या जागी असते. एल.ई.डी.चा उजेड त्या जागेवरून, त्या आकारात येत नाही. मग आरसा उजेड नीट फेकत नाही. उजेड झाडांवर जातो, आकाशात जातो, समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तुम्हांला पुढची दहा पावले पांढरीशुभ्र दिसतात, म्हणून वाटते, वा, काय उजेड आहे! पण लांबचा खड्डा दिसत नाही. एल.ई.डी. हवाच असेल, तर तुमच्या गाडीसाठी बनवलेला, मान्यता असलेला अख्खा दिवा घ्या. आणि आधी मेस्त्रीला विचारा, गाडीची वीज त्याला चालेल का.

दिवा भिंतीवर जुळवावा

आता सर्वांत मोठी गोष्ट. चांगला बल्बही वर-खाली लागला असेल, तर फुकट जातो. दिवा जुळवणे तुम्हांला घरी करता येईल.

सपाट अंगण आणि एक भिंत पाहा. चाकांत हवा बरोबर भरा. भिंतीपासून १० मीटरवर गाडी सरळ उभी करा. नेहमी बसणारा माणूस गाडीवर बसवा. दिव्याचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. समजा, ९० सेंटिमीटर आहे. भिंतीवर खडूने ९० वर एक रेघ ओढा. तिच्या खाली १० सेंटिमीटरवर, म्हणजे ८० वर, दुसरी रेघ ओढा. अंधार पडल्यावर डिपर लावा. उजेडाची वरची कड खालच्या रेघेवर आली पाहिजे. आली नाही, तर दिव्याचा स्क्रू फिरवून ती आणा.

असे का? उजेड दर १० मीटरला १० सेंटिमीटर उतरतो. म्हणजे तो ९० मीटरवर जमिनीला टेकतो. तिथवर तो फार पातळ झालेला असतो, पण वाट बरोबर धरतो. हाच दिवा चुकून तेवढाच वर लागला, तर ५० मीटरवर तो १४० सेंटिमीटर उंच जातो. ही समोरून येणाऱ्या स्वाराच्या डोळ्यांची उंची!

आणि ओझ्याचे लक्षात ठेवा. मागे आंब्याच्या पेट्या किंवा तांदळाचे पोते बांधले, की मागची बाजू दबते आणि दिवा वर पाहू लागतो. दोन चाकांमध्ये सव्वा मीटर अंतर धरा. मागची बाजू अडीच सेंटिमीटर दबली, तर १० मीटरवर उजेड २० सेंटिमीटर वर जातो. म्हणून रोज ओझे नेणाऱ्याने ओझ्यासकट दिवा जुळवावा.

पाऊस आणि धुके

पावसाळ्यात सर्वांचीच तक्रार असते, की दिवा लागत नाही. दिवा तोच असतो. कोरडा रस्ता उजेड थोडा तरी आपल्याकडे परत पाठवतो. ओला डांबरी रस्ता आरशासारखा होतो. तो उजेड पुढेच फेकून देतो. म्हणून रस्ता काळा दिसतो आणि समोरच्या गाडीचा उजेड दुप्पट टोचतो. यावर बल्बचा उपाय नाही. वेग कमी करणे हाच उपाय.

साखरप्याकडून कोल्हापूरला जाताना आंबा घाट लागतो. तिथे पावसाळ्यात दाट धुके उतरते. धुक्यात अप्पर लावला, तर पाण्याचे बारीक कण तो उजेड आपल्याच डोळ्यांकडे परत फेकतात. समोर पांढरी भिंत उभी राहते. धुक्यात डिपरच लावावा, आणि रस्त्याच्या कडेची रेघ धरून हळू जावे.

हेल्मेटची काच ओरखडलेली असली, तरी उजेड फुटतो आणि दिसत नाही. ती काच बदला. उतारवयात डोळ्यांत उजेड कमी पोचतो. दिव्याभोवती कडे दिसत असेल, तर मेस्त्रीकडे जाण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. मोतीबिंदू असू शकतो.

समोरच्याचे डोळे

हातखंब्याला मुंबई-गोवा महामार्ग आणि कोल्हापूरचा रस्ता एकत्र येतात. तिथे रात्री समोरून गाड्यांची रांग असते. कोणी अप्पर लावून आला, की आपण चिडतो. आपणही अप्पर मारतो. आता दोघेही आंधळे. दोन आंधळे जोरात एकमेकांकडे चालले आहेत! यात जिंकणार कोण? समोरचा दिपला, तर तो आपल्याच अंगावर येईल. म्हणून समोरून गाडी दिसताच डिपर करा. त्याने केला नाही, तरी तुम्ही करा. नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवा आणि वेग कमी करा.

कायदाही हेच सांगतो. दिवा समोरच्याला दिपवणारा नसावा, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. कंपनीने दिलेल्या गाडीत मनाला येईल तसा फेरफार करायलाही १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने बंदी आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत चालूच राहतो. दिवसासुद्धा गाडी लांबून दिसावी, म्हणून हा नियम झाला. दिवा आपल्याला दिसावे म्हणून असतो, तसा आपण दुसऱ्याला दिसावे म्हणूनही असतो. म्हणून मागचा लाल दिवाही रोज पाहत जा.

हे लक्षात ठेवा

१. काच रोज पुसा.
२. आधी वायरी आणि जोड साफ करा, मग बल्ब बदला.
३. गाडीला सांगितलेल्या वॅटचाच बल्ब घाला.
४. दिवा भिंतीवर जुळवून घ्या.
५. समोरून गाडी आली, की डिपर करा.
६. जेवढे दिसते, तेवढ्यात थांबता येईल असा वेग ठेवा.

प्रश्न

१. गाडीचा वेग तासाला ४० किलोमीटर आहे. म्हैस दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत किती मीटर लागतील?
२. विजेचा दाब थोडा घटला, तर उजेड किती घटतो?
३. मागे पोते बांधले, की दिव्याचा उजेड वर का जातो?
४. धुक्यात अप्पर का लावू नये?
५. तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या फटफटीच्या दिव्याची जमिनीपासून उंची मोजा. ती आपल्या वहीत लिहा. मग भिंतीवर दोन रेघा ओढून दिवा तपासा.