गोवराची लस आणि खोटं संशोधन

प्रश्न : मुलगी दहा महिन्यांची आहे. गोवर-रुबेला लशीमुळे स्वमग्नता येते, असं संशोधन असल्याचं जाऊबाई सांगतात. लस टाळू का?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, टाळू नका. १९९८ चं ते संशोधन अवघ्या १२ मुलांवरचं होतं. मुलांच्या निवडीबद्दल दिलेली माहिती खोटी ठरल्यावर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये तो निबंध मागे घेतला, तो लिहिणारे डॉ. वेकफिल्ड यांची वैद्यकीय नोंदणीही रद्द झाली. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाख मुलांच्या पाहणीत असा संबंध आढळला नाही. उलट, गोवराचा धोका खरा आहे; २०२२ मध्ये मालेगावात गोवराची साथ आली होती. पहिला डोस ९ ते १२, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. सरकारी केंद्रात मोफत. जास्त ताप किंवा पूर्वी तीव्र ॲलर्जी असल्यास आधी डॉक्टरांना सांगा.